सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही!

खिडकीजवळची
आज घरी बघण्याचा कार्यक्रम झाला. (हो, अजून होतात. हसू नका.) वय ३१, ठाणे, आयटी, एवढी माहिती पुरे. तर मुलाकडचे पाच जण आले, पोहे झाले आणि मुलाच्या काकांनी ठेवणीतलं वाक्य टाकलं, "आमचा मुलगा एकदम निर्व्यसनी बरं का, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही." बाबा खूश, आई त्याहून खूश. गंमत अशी की हे बोलताना काकांच्या हातात चहाचा दुसरा कप होता आणि तो खरं तर मुलाचा होता, कारण मुलाने चहाला हातच लावला नाही आणि काका म्हणाले वाया कशाला घालवायचा. मग काका "जरा हवा खाऊन येतो" म्हणून गॅलरीत गेले ते डावा तळवा झटकत परत आले आणि पुढची दहा मिनिटं सगळ्या प्रश्नांना नुसतं हं हं करत होते. ज्यांच्या घरात कोणी तंबाखू मळतं त्यांना कळलं असेलच.

तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. मी दिवसाला पाच कप चहा पिते, सकाळचा चुकला तर अकराच्या सुमारास कपाळ ठणकायला लागतं. मग मी निर्व्यसनी का? व्यसन म्हणजे नक्की काय, आणि कुठल्या व्यसनाला आपण व्यसन म्हणायचं हे ठरवतं कोण? आपापले अनुभव लिहा.

अर्धा_कप
चहाला व्यसन म्हणणाऱ्यांना धाग्यावर बंदी घाला.

तर्रीबाज
चहा हे व्यसन नाही, शिष्टाचार आहे. आमच्याकडे कोल्हापुरात पाहुणा बिनचहाचा गेला तर गावभर होतं. चहाला वेळ नसते पण वेळेला चहा लागतो, विषय संपला. आता पांढरा रस्सा व्यसनात मोडतो का यावर वेगळा धागा काढा.

पाचवी_सीट
काकांचं प्रावीण्य बघा, मुलाच्या वाट्याचा चहा आणि स्वतःच्या वाट्याचा तंबाखू, दोन्ही एका बैठकीत. आणि सर्टिफिकेट पुतण्याचं.

दातखिळी
दंतवैद्य आहे, सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

ताई तुमचं कपाळ ठणकतं ती खरीच लक्षणं आहेत, मनाचे खेळ नाहीत. कॅफिन मेंदूत ॲडिनोसिनच्या जागेवर जाऊन बसतं, ॲडिनोसिन म्हणजे थकव्याचा निरोप्या. रोज तुम्ही निरोप्याला दाराबाहेर ठेवता, म्हणून शरीर आणखी दारं काढतं, आणि एक दिवस चहा नाही मिळाला की सगळे निरोपे एकदम घरात. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चिडचिड होते, हे चार दिवस, कधी आठवडाभर चालतं आणि जातं. मानसोपचारवाल्यांच्या यादीत 'कॅफिन सुटण्याचा त्रास' हे निदान २०१३ पासून रीतसर आहे. पण चहासाठी कोणी घर विकलं किंवा जबडा गमावला असं माझ्या खुर्चीत अजून आलेलं नाही. निरोगी माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन सहसा चालतं, आपला उकळलेला चहा कपाला साधारण ३० ते ५० च्या घरात, म्हणजे तुमचे पाच कप बसतात त्यात. गरोदर बाईने निम्म्यावर थांबावं. आणि जेवणाला लागून चहा पिऊ नये, अन्नातलं लोह अंगी लागत नाही, आपल्याकडे बायकांचं हिमोग्लोबिन आधीच तळाला.

आता मुख्य मुद्दा. "सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही" हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं आणि मग येत नाही. आपण सुपारीला सगळ्यात निरुपद्रवी समजून खालच्या पायरीवर ठेवलंय. प्रत्यक्षात नुसती सुपारी, तंबाखूशिवायची, कर्करोगकारक आहे असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००४ सालीच म्हटलंय. सुपारीने तोंडाच्या आतलं कातडं चामड्यासारखं कडक होतं आणि तोंड उघडेनासं होतं. घरच्या घरी बघा, तीन बोटं उभी तोंडात जातात का. माझ्याकडे विशीतली पोरं येतात ज्यांचं एक बोट जेमतेम जातं, वडापाव खाता येत नाही. घरचे म्हणतात "तंबाखू नाही हो खात, नुसती सुपारी खातो."

अर्धा_कप
तीन बोटं गेली. आता चहा पितो.

कोकणचा_फणस
आमची आजी (आईची आई, गुहागरकडची) सकाळी चुलीवर तव्यात तंबाखू भाजायची, त्या वासाने अख्खं घर खोकत उठायचं. मग ती पूड डब्यात. मशेरी. सकाळी एकदा, दुपारी जेवल्यावर एकदा आणि संध्याकाळी दिवे लावायच्या आधी एकदा, मागच्या दारी बसून बोटाने दात घासत बसायची तास तास. तेवढाच काय तो तिचा स्वतःचा वेळ, तेव्हा कोणी हाक मारली तरी नुसती मान हलवायची कारण तोंड भरलेलं. तिला कोणी व्यसनी म्हटलं नाही. दात घासतेय ना! आणि त्याच घरात मामा वाडीबाहेर जाऊन सिगारेट ओढताना सापडला तेव्हा आजीने त्याला झाडूने बदडला होता, तोंडात मशेरी तशीच, शिव्या पण देता येईनात म्हणून नुसतंच झाडू.

पाचवी_सीट
@फणस, मूक मारहाण =))

दातखिळी
@फणस, अगदी ओळखीचं. माझ्या निम्म्या आज्या-पेशंट सांगतात "दाढ दुखायची म्हणून सुरू केली." कोणीतरी मावशी-आत्या चिमूटभर देते, दुखणं बधिर होतं, दाढ किडायची ती किडतेच आणि सवय राहते. २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १२.८ टक्के बायका धूर नसलेला तंबाखू घेत होत्या, ओढणाऱ्या २ टक्के. पण बोंब कुठल्या बायकांबद्दल होते? कॉलेजबाहेर सिगारेट ओढणाऱ्या मुलीबद्दल.

मास्तर_निवृत्त
धागा चांगला आहे पण सगळे पळवाटा शोधत आहेत असे वाटते. ज्याच्याशिवाय दिवस सुरू होत नाही ते व्यसन, मग ते चहा असो वा विडी. मी ३४ वर्षे सांगली जिल्ह्यात शिक्षक होतो, चहा घेतला नाही. गांधीजींनी १९४२ साली पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना आरोग्यावर जे लिहिले त्यात चहा, कॉफी आणि कोको तिन्हींची शरीराला गरज नाही असे स्पष्ट म्हटले आहे. आणि 'आपली संस्कृती' हे तर फारच झाले. १९०३ मध्ये इंग्रज सरकारने चहावर उपकर बसवला तो चहाच्या प्रसारासाठी. १९३० नंतर तर मळेवाल्यांच्या मंडळाची माणसे गावोगाव फिरून चहा करून दाखवत, फुकट पाजत. आपल्या आजोबांच्या आजोबांना चहा माहीत नव्हता. जाहिरातीने लागलेली सवय आहे ती.

तर्रीबाज
मास्तर, ३४ वर्षं स्टाफरूममध्ये चहा न घेता काढलीत म्हणजे बदल्या बऱ्याच झाल्या असणार. (हलके घ्या.)

आणि बाहेरून आलं म्हणून संस्कृती नाही असं म्हणाल तर मिरची, बटाटा आणि साबुदाणा पण काढा ताटातून. मग एकादशीला काय खाणार, भगर?

मास्तर_निवृत्त
बदल्या तीनच झाल्या. आणि एकादशीला मी काहीच खात नाही.

रात्रपाळी
एकादशीवरून आठवलं, उपासाला चहा चालतो हे कोणी ठरवलं? दूध चालतं साखर चालते हे समजलं, चहापूड कुठल्या पोथीत आहे? आमच्या शेजारच्या काकू संकष्टीला पाणी मोजून पितात पण चहा सहा वेळा. आणि आमचे एक सुपरवायझर कडक उपास करायचे श्रावणात, पण तंबाखूचा बार चालू. विचारलं तर म्हणे "गिळत नाही ना मी."

मी चाकणला कारखान्यात आहे, रात्रपाळी. इथली नीतिमत्ता वेगळीच ऐका. जो सिगारेट ओढतो त्याला दर दीड तासाने दहा मिनिटं गेटबाहेर जायला मिळतात, कोणी काही बोलत नाही, "सुट्टा मारून येतो" म्हटलं की झालं. मी ओढत नाही. मी एकदा म्हटलं नुसताच बाहेर उभा राहून येतो, तर लाईनचा साहेब म्हणाला "कशाला? काम नाही का?" दोन महिने हे पाहिलं आणि मग मी पण त्यांच्याबरोबर टपरीवर जायला लागलो, चहा घ्यायला. पहाटे साडेतीनचा चहा ज्याने घेतलाय त्यालाच माहीत. आता चहा तर लागलाच, धूर पण फुकट मिळतो. निर्व्यसनी माणसाला सुट्टी नाही हो या देशात.

खिडकीजवळची
@रात्रपाळी, अगदी अगदी. आमच्या ऑफिसात पण सगळे खरे निर्णय गच्चीवर धुरातच होतात. मीटिंगमध्ये नुसतं वाचून दाखवतात.

पाचवी_सीट
@खिडकीजवळची, तुम्हाला हे गच्चीवरचं कसं माहीत ;)

उत्तरध्रुव
गोथेनबर्ग, स्वीडनहून. इथे आलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात बघितलं, आमचा मॅनेजर मीटिंगमध्ये खिशातून गोल डबी काढतो, छोटीशी पांढरी पुरचुंडी काढतो, वरच्या ओठाखाली सरकवतो आणि बजेटवर बोलायला लागतो. मला वाटलं गोळी-बिळी असेल. मग कळलं, स्नूस. तंबाखूच तो! आपल्याकडे खालच्या ओठात, इथे वरच्या, एवढाच फरक (आणि पिंक टाकत नाहीत, तो फरक मोठा आहे). कोणी नाक मुरडत नाही. मी मनात म्हटलं, हाच माणूस हेच काम सोलापूर स्टेशनवर करत असता तर मीच त्याच्यापासून चार हात लांब बसलो असतो. गंमत म्हणजे युरोपियन युनियनमध्ये स्नूस विकायला १९९२ पासून बंदी आहे आणि स्वीडनने १९९५ मध्ये आत जाताना स्वतःपुरती सूट मागून घेतली. एवढं प्रेम.

कॉफी तर विचारू नका, सकाळी एकदा दुपारी एकदा सगळ्यांनी काम सोडून एकत्र बसायचं, त्याला फिका म्हणतात आणि तुम्ही गेला नाहीत तर माणूसघाणे ठरता. तर्रीबाज यांचा शिष्टाचार इथेही आहे.

दातखिळी
@उत्तरध्रुव, एक पुरवणी, नाहीतर उद्या कोणीतरी म्हणेल डॉक्टरने सांगितलं तंबाखू चालतो. स्नूस वाफेवर तापवून करतात, त्यामुळे त्यात कर्करोग करणारी नायट्रोसामाइन्स आपल्या मालापेक्षा बरीच कमी. निकोटिन तलफ लावतं, पण कॅन्सर प्रामुख्याने बाकीची रसायनं करतात. म्हणून तर निकोटिनचाच च्युइंगम सोडायला देतात. तरी स्नूस निर्धोक नाही, आणि इथला चुना-तंबाखू-सुपारी हा प्रकार म्हणजे तिन्हीकडून आग.

जुनी_वही
चहावरून नैतिक निवाडा म्हणता तर पुण्याचं चहा प्रकरण कोणी काढलं कसं नाही! १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, नंतर पाहुण्यांना चहा बिस्किटं दिली. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, पुण्यातली बडी बडी मंडळी. गोपाळराव जोशींनी (आनंदीबाईंचे यजमान) हजर असलेल्यांची यादी 'पुणे वैभव' मध्ये छापून आणली. झालं. ख्रिश्चनांच्या हातचा चहा! ग्रामण्य (जातीबाहेर टाकण्याचा वाद) उभं राहिलं, शंकराचार्यांपर्यंत प्रकरण गेलं, चौकशी बसली, कोणी म्हणे कप हातात घेतला पण प्यालो नाही, कोणी म्हणे नुसता ओठाला लावला. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, पुढे रानड्यांनीही घेतलं. लोकांची श्राद्धं अडली, भटजी मिळेनात.

आणि तंबाखू म्हणाल तर तो उत्तरेत गेला आपल्या दख्खनेतून. अकबराचा वकील असदबेग विजापूरला आदिलशाहीत आला होता, त्याने १६०४ च्या आसपास हुक्क्यासकट तंबाखू दरबारात नेला. अकबराने हौसेने दोनचार झुरके घेतले, हकीम नको नको म्हणत असताना. पोराने, जहांगीरने, १६१७ मध्ये बंदी घातली. स्वतः दारू आणि अफू घेणारा बादशहा! काकांचं घराणं जुनं आहे म्हणायचं.

पाचवी_सीट
कप ओठाला लावला पण प्यालो नाही... हे नंतर अमेरिकेच्या क्लिंटननीही म्हटलं होतं, गांजाच्या धुराबद्दल.

मास्तर_निवृत्त
पंचहौदाचे उदाहरण इथे गैरलागू आहे. तो आक्षेप चहावर नव्हता, हातावर होता. व्यसनाचा संबंध नाही.

निळी_शाई
मास्तर, माफ करा, पण 'गैरलागू' हा शब्द वाचून लिहायला बसलो. नाहीतर मी इथे नुसता वाचक.

माझे वडील मराठवाड्यातले, गावाचं नाव राहू द्या. गावात वेशीजवळ एक हॉटेल, हॉटेल म्हणजे चार बांबू आणि एक चूल. आमच्या वस्तीतल्या माणसांसाठी कप वेगळे, कान तुटलेले, बाहेर कुडात खोचलेले. स्वतः काढायचा, स्वतः विसळायचा, मालक वरून चहा ओतणार, पिऊन परत विसळून कुडात. पैसे तेवढेच. वडील शहरात नोकरीला लागले तेव्हा पहिल्या पगाराला मुंबईत इराण्याकडे गेले आणि पांढऱ्या कपबशीत, मार्बलच्या टेबलावर, लोकांच्या मध्ये बसून चहा घेतला. एका मागोमाग तीन. तिसरा पिववत नव्हता म्हणाले, पण वेटर "और लाऊं?" विचारत होता आणि ते विचारणं ऐकायचं होतं.

वडील पुढे आयुष्यभर दिवसाला दहा-बारा कप चहा प्यायचे. साखर वाढली, डॉक्टर ओरडले, आई ओरडली. व्यसन म्हणा. मी त्यांना कधी म्हटलो नाही. तुम्ही म्हणता आक्षेप चहावर नव्हता हातावर होता, बरोबर आहे, पण कोणाच्या कुठल्या सवयीला आपण काय म्हणतो ते पण बऱ्याचदा हात बघूनच ठरतं. साहेब पाइप ओढतो तो विचार करतो, हमाल विडी ओढतो तो व्यसनी.

तर्रीबाज
@निळी_शाई, नुसते वाचक राहू नका हो. लिहा.

मास्तर_निवृत्त
@निळी_शाई, शब्द परत घेतो. आमच्या शाळेत स्टाफरूममध्ये शिपायाचा कप वेगळा होता. मी चहा घेत नव्हतो म्हणून माझ्या तो कधी लक्षातच आला नाही, असे म्हणणार होतो. आला होता.

शेंगाचटणी
दोन दिवस विचार करतेय लिहू का नको. सोलापूर. आमची अम्मा ४० वर्षं विड्या करायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, भिजवलेली तेंदूची पानं पत्र्याच्या मापावर कातरायची, चिमूट भरायची, वळायची, दोरा बांधायचा. दिवसाला हजार करायच्या म्हणजे पहाटे बसायचं आणि टीव्हीवरच्या रात्रीच्या मालिका संपेपर्यंत. हिशोब हजारी. ब्रँचला नेल्यावर मुकादम बघणार आणि मूठभर खराब म्हणून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. घराला, कपड्यांना, भाकरीला तंबाखूचा वास. माझं डी.एड. त्या विडीवर झालं, भावाचं आयटीआय त्या विडीवर, माझं लग्न पण.

अम्माने स्वतः कधी ओढली नाही आणि आमच्या घरात कोणी ओढली तर चालायचं नाही. विडी म्हणजे धंदा, तोंडाला लावायची वस्तू नाही, हा आमच्या गल्लीचा नियम. तरी खोकला तिला लागलाच, न ओढता.

आता मी शाळेत शिकवते आणि तंबाखूविरोधी शपथ पोरांकडून म्हणून घेते. समोर बसलेल्यांतल्या निम्म्यांच्या आया सकाळी पानं भिजत घालून आल्यात. एकदा एका पोरीने विचारलं, "मॅडम, मग माझी आई वाईट काम करते का?" मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला आलं तर सांगा.

अर्धा_कप
मी एरवी एक ओळ लिहितो. आज काहीच सुचत नाहीये.

जुनी_वही
@शेंगाचटणी, निपाणीकडे माझं आजोळ, तंबाखूचं गाव. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तिथे तंबाखूच्या भावासाठी आंदोलन झालं, गोळीबारात शेतकरी गेले. तेव्हा मी लहान. आमच्या घरी मामा म्हणायचे, या मातीत एवढा पैसा देणारं दुसरं पीक दाखवा, उद्या लावतो. त्या मुलीला काय सांगायचं ते मलाही माहीत नाही, पण वाईट काम तिची आई करत नाही एवढं नक्की सांगा.

धुरळा_उडाला
एवढं सगळं वाचलं. माझं मत, सरकारला खरंच काळजी असती तर कारखाने बंद केले असते. गुटख्यावर २०१२ पासून महाराष्ट्रात बंदी आहे, मिळत नाही असा एक तालुका दाखवा. पानमसाला वेगळी पुडी, तंबाखू वेगळी पुडी, दोन्ही एकत्र तोंडात ओतायच्या, कायदा खूश. २०२० मध्ये सुट्या सिगारेटवर बंदी आली, आमच्या टपरीवाल्याला अजून कोणी कळवलेलं नाही बहुतेक. ई-सिगारेटवर २०१९ मध्ये देशभर बंदी, पोरं गळ्यात अडकवून फिरतात. बंदी घालायची, पाकिटावर सडलेल्या तोंडाचा फोटो छापायचा आणि कर गोळा करायचा. आणि दोष खाणाऱ्याचा.

तर्रीबाज
@धुरळा, सरकार आलं धाग्यात, आता दोनशे प्रतिसाद पक्के. पण मला सांगा मूळ प्रश्नाचं काय झालं? ताई कुठे गेल्या? मुलगा पसंत आहे का? काका?

कोकणचा_फणस
हो ना, चहा मुलाने का नाही घेतला हा खरा रहस्यकथेचा भाग आहे. लाजला? का चहा वाईट होता? ताई पूड कुठली वापरता?

खिडकीजवळची
आहे आहे, सगळं वाचतेय. शेंगाचटणी आणि निळी_शाई यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले, ती उठून आत गेली, बऱ्याच वेळाने आली आणि म्हणाली आपल्या गावच्या घरी पण होते तसे कप.

@पाचवी_सीट, तुम्ही विचारलं होतं गच्चीवरचं मला कसं माहीत. घ्या. मी ओढते. आठवड्याला दोन, कधी तीन, रिलीज असलं की जास्त. घरी माहीत नाही. बायोडेटा करताना लक्षात आलं की मुलांच्या बायोडेटात 'निर्व्यसनी' लिहितात, मुलींच्या लिहीतच नाहीत, कारण प्रश्नच नाही असं गृहीत असतं. म्हणजे मी खोटंही लिहिलेलं नाही! हा धागा मी चहाचं नाव पुढे करून काढला हे कबूल.

तर परवा मुलाचा फोन आला आणि म्हटलं उगाच सहा महिन्यांनी कळण्यापेक्षा आत्ताच सांगून टाकावं. सांगितलं. पलीकडे शांतता. मला वाटलं संपलं. मग तो म्हणाला, "मी चहा घेतला नाही ते तुम्हाला वाईट वाटलं का?" मी म्हटलं त्याचा इथे काय संबंध.

तर संबंध असा. हा माणूस इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षापासून गुटखा खायचा, दिवसाला पंधरा-सोळा पुड्या. धुरळा म्हणतात तेच, दोन पुड्या एकत्र. तोंड उघडायला त्रास व्हायला लागला तेव्हा घाबरून सोडला. चौदा महिने झाले. निकोटिनचा गम, सरकारी हेल्पलाइन (१८००-११२-३५६, लिहून ठेवा म्हणाला), सगळं केलं. पण दर वेळी कशावर घसरायचा, तर चहावर. चहा झाला की पुडी, चहा झाला की पुडी, अकरा वर्षं. कप तोंडाला लावला की जीभ गालफडात शोधायला जायची. म्हणून त्याने चहाच बंद केला. काकांना गुटख्याचं माहीत आहे, सोडल्याचंही माहीत आहे. तरी 'सुपारीच्या खांडाचंही' म्हणाले. तो म्हणे मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तुमच्या आईने एवढा आल्याचा चहा केलेला.

दातखिळी
चौदा महिने म्हणजे त्याने मोठं काम केलंय. आणि चहा सोडला ते एकदम बरोबर केलं, आम्ही पेशंटला हेच सांगतो, ज्या गोष्टीला सवय चिकटलेली असते ती गोष्ट आधी बाजूला करा, निदान काही महिने. फक्त त्याला सांगा तोंड दर सहा महिन्यांनी दाखवून घे. कडक झालेलं कातडं आपोआप पूर्ववत होत नाही, लक्ष ठेवावं लागतं. तीन बोटं जातात का विचारा.

खिडकीजवळची
@दातखिळी, विचारलं. अडीच म्हणाला.

पाचवी_सीट
जगातलं सर्वात रोमँटिक संभाषण.

रात्रपाळी
ताई पण तुमच्या सिगारेटबद्दल काय म्हणाला ते सांगितलंच नाही तुम्ही.

खिडकीजवळची
म्हणाला, "मी सोडा म्हणणार नाही, मला कोणी सोड म्हटलं की मी जास्त खायचो. पण माझ्यासमोर नका ओढू, मला भीती वाटते." एवढंच. मी अजून विचार करतेय. हो म्हटलेलं नाही कोणाला.

रविवारी तो एकटाच येतोय, काका नाहीत. आईला चहाचं कारण सांगितलेलं नाही, नुसतं म्हटलं त्याला ॲसिडिटी आहे. ती आता पेचात पडलीय. माणूस घरी येणार आणि चहा नाही तर समोर ठेवायचं काय? सुचवा पटापट.

कोकणचा_फणस
कोकम सरबत. यात विचारण्यासारखं काय आहे.

तर्रीबाज
पांढरा रस्सा वाटीतून. अडीच बोटांतून आरामात जातो.

मास्तर_निवृत्त
मी ३४ वर्षे लोकांच्या घरी गरम पाणी मागत आलो आहे. पहिल्यांदा अवघडायला होते, नंतर लोक विचारायच्या आधीच आणून देतात.

अर्धा_कप
काहीही द्या, जेवणानंतर बडीशेपेच्या डबीतली सुपारी तेवढी आधी काढून ठेवा.